चित्रापासून किती लांब उभं राहायचं? एका विद्यार्थिनीच्या दालनभेटींचं प्रकरण

पेंटिंगच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला कोल्हापुरात आमच्याकडे एक लेखी काम असतं. आधुनिक कलेची किमान दोन दालनं पाहायची, त्यांची तुलना करायची आणि अहवाल द्यायचा. बहुतेक अहवाल एकाच वळणाचे येतात. दालनाचा पत्ता, स्थापनेचं साल, पाहिलेल्या चित्रकारांची नावं, प्रत्येकाची जन्म-मृत्यूची सालं, दोन-चार फोटो, आणि शेवटी कुठलं दालन जास्त आवडलं याविषयी एक परिच्छेद. असा अहवाल घरबसल्याही लिहिता येतो आणि काही जण लिहितातही.

इथे मांडतोय ते प्रकरण एका विद्यार्थिनीच्या अहवालाचं आहे. तिच्या परवानगीने लिहितोय, नाव तिच्या इच्छेप्रमाणे गाळलं आहे. तिने हा अहवाल दोनदा लिहिला. पहिला खर्डा नीटनेटका होता आणि त्यात चुकीचं असं काही नव्हतं, पण तो वाचून ती त्या दालनांत प्रत्यक्ष उभी होती असं जाणवत नव्हतं. दुसऱ्या खर्ड्यात ते पानोपानी जाणवायला लागलं. या दोन खर्ड्यांच्या मधे जे घडलं ते मला शिकवणाऱ्यांसाठी आणि शिकणाऱ्यांसाठी, दोघांसाठीही मोलाचं वाटतं. माझं म्हणणं आधीच सांगतो: दालनांची तुलना करताना तिथे कोणाची चित्रं होती हे दुय्यम आहे. त्या जागेने बघणाऱ्याला चित्रापासून किती अंतरावर उभं केलं, किती वेळ थांबवलं आणि परत फिरून बघायला लावलं का, हे आधी लिहायला हवं.

मुलगी आणि तिचा डोळा

ती गडहिंग्लजची. घरात मिरचीचा व्यापार. संकेश्वरी मिरचीचे सौदे, पोत्यांच्या थप्प्या, हंगामात घरभर ठसका, यात ती वाढली. शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड, मग कोल्हापूरला फाउंडेशन आणि पुढे पेंटिंग. हात जलरंगाचा. रविवारी सकाळी पंचगंगा घाटावर ऑन द स्पॉट, म्हणजे जागेवरच बघून चित्र काढायला, बसणाऱ्या मुलांमध्ये ती हमखास असायची. घाटाच्या दगडाचं पाण्यातलं प्रतिबिंब कागद ओला असतानाच उरकण्यात तिचा हातखंडा होता.

हा डोळा कोल्हापूरने घडवलेला आहे. अबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आले, शाहू महाराजांच्या आश्रयाने दरबारी चित्रकार झाले आणि कोटितीर्थ, रंकाळा या परिसरात आयुष्यभर चित्रं काढत राहिले. ते १९३१ मध्ये गेले. महाराजांच्या निधनानंतर दुःखाने त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात बुडवली, अशी आख्यायिका इथला प्रत्येक कलाविद्यार्थी पहिल्या वर्षातच ऐकतो. पुढे बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, बाबा गजबर, रवींद्र मेस्त्री. रावबहादूर धुरंधरही मूळचे इथलेच, १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले. उजेड, अंतर, झाडाचा घेर, पाण्याचा ओलसरपणा यांचं बाळकडू इथल्या मुलांना आपसूक मिळतं.

मिळत नाही ते यानंतरचं. टाउन हॉलच्या संग्रहालयात अबालाल आहेत, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे, शाहू स्मारक भवनाच्या दालनात प्रदर्शनं लागतात आणि काही दिवसांत उतरतात. पण सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला, त्या घडामोडीतून पुढे जे काम उभं राहिलं ते समोर उभं राहून बघायचं तर गावाबाहेर पडावं लागतं. तोवर मुलं ते मोबाइलवर बघतात.

मोबाइलवर बघण्यात नेमकं काय हरवतं, हे थोडं थांबून सांगायला हवं, कारण या प्रकरणाची गाठ तिथेच आहे. स्क्रीनवर प्रत्येक चित्र एकाच मापाचं होतं. हातात मावणारं जलरंग आणि माणसाच्या उंचीचा कॅनव्हास, दोन्ही बोटभर. शिवाय स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो. चित्राला तो नसतो. चित्र खोलीतला उजेड परत फेकतं, आणि तैलरंगाचा थर जाड कुठे, पातळ कुठे, खरवडलेला कुठे, यावर तो उजेड कसा परत येतो ते ठरतं. वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकाराचं सगळं काम या थरांत आहे. रोलरने पसरलेला रंग, पॅलेट नाइफने मागे घेतलेला रंग, त्यावर पुन्हा पातळ थर. मोबाइलवर त्याचा एक पिवळा किंवा करडा आयत होतो. मुलं म्हणतात, ‘सर, यात काय आहे?’ स्क्रीनवर त्यांचं म्हणणं बरोबर असतं, तिथे खरंच फारसं काही उरलेलं नसतं.

पिळर्णची मिरची

पहिली भेट गोव्याची झाली, कारण म्हापशाला मामा राहतो. आजरा, आंबोली, सावंतवाडी करत एसटीने ती तिथे पोचली आणि मामाच्या स्कूटरवरून पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत गेली. आजूबाजूला कारखान्यांच्या शेड आणि मधेच म्युझियम ऑफ गोवा. डॉक्टरी सोडून कलेकडे वळलेले सुबोध केरकर यांनी २०१५ मध्ये ते सुरू केलं. समकालीन कलेतून गोव्याचा इतिहास सांगायचा, हा त्यामागचा विचार. समुद्र, होड्या, मसाल्यांचा व्यापार, पोर्तुगीज, हे सगळं तिथे मांडणशिल्पांतून आणि वस्तूंमधून येतं.

केरकरांच्या कामात मिरची वारंवार येते, अवाढव्य आकारात. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि तिथून आपल्या स्वयंपाकघरात शिरली, ही ती गोष्ट. आता गडहिंग्लजच्या मिरचीवाल्याच्या पोरीला ती समोर दिसल्यावर काय झालं असेल! अहवालाच्या पहिल्या खर्ड्यात या एका कामावर दीड पान होतं. त्यात घरच्या धंद्याचा उल्लेख होता, जी मिरची आपण आपलीच समजत होतो ती परकी निघाली याचं आश्चर्य होतं, आणि ‘हे दालन मला पूर्ण कळलं’ असं ठामपणे लिहिलेलं होतं.

ते दीड पान मला आवडलं. मनापासून लिहिलेलं होतं. एक गोष्ट खटकली ती अशी, की त्यात शिल्पाविषयी एकही वाक्य नव्हतं. ते कशाचं बनवलंय, पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत, लाल कुठला, मिरचीच्या देठाशी जो वळसा असतो तो त्यात कसा आलाय, भोवतीनं फिरता येतं का, काही नाही. सगळं मिरचीच्या इतिहासाविषयी.

काळा घोडा, एकाच दिवशी दोन दारं

मुंबईला ती वर्गातल्या मैत्रिणींबरोबर गेली. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास, सकाळी सीएसएमटी, तिथून फोर्टातून चालत काळा घोडा. सोमवार टाळला होता, कारण सोमवारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद असतं.

या संग्रहालयाची इमारत म्हणजे जुना सर कावसजी जहांगीर हॉल. जॉर्ज विटेटने आखलेला, १९११ च्या सुमाराचा. तिथे एकेकाळी संगीताच्या मैफली आणि राजकीय सभा व्हायच्या. दिल्लीतलं मूळ संग्रहालय १९५४ मधलं, त्याची मुंबईतली शाखा या हॉलमध्ये १९९६ मध्ये उघडली. बाहेरून जुनी दगडी वास्तू, आत मात्र सगळं नव्याने उभारलेलं, जिन्याने एकमेकांना जोडलेली, वर चढत जाणारी दालनं आणि शेवटी घुमटाखालचं दालन. आवाज दबका. कोपऱ्यात खुर्चीवर सुरक्षारक्षक. पट्टीवर चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, माध्यम, माप, साल. बस्स.

रस्ता ओलांडला की जहांगीर आर्ट गॅलरी. त्याच जहांगीर घराण्याच्या देणगीतून १९५२ मध्ये उभी राहिलेली. ती व्हावी म्हणून चित्रकार के. के. हेब्बर आणि होमी भाभा यांनी आग्रह धरला होता. तिथे तिकीट नाही. चित्रकार ठरावीक दिवसांसाठी भाड्याने दालन घेतो आणि मुदत संपली की पुढच्याला जागा मोकळी करून देतो. तिथे तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबलेले चित्रकार कोल्हापुरातही आहेत. आत चित्रकार स्वतः चित्राशेजारी उभा असतो, टेबलावर किमतीचा कागद असतो, आणि ऑफिसातून जेवायच्या सुट्टीत आलेला माणूसही एक चक्कर मारून जातो.

पहिल्या खर्ड्यात संग्रहालयाबद्दल तिने लिहिलं होतं: भव्य, शांत, काही चित्रं आवडली, काही अमूर्त चित्रं समजली नाहीत. जहांगीरबद्दल: वातावरण मोकळं, चित्रकाराने चांगली माहिती दिली. आणि निष्कर्ष असा, की म्युझियम ऑफ गोवा सर्वांत उत्तम, कारण तिथे सामान्य माणसालाही कला समजते.

एक प्रश्न आणि त्याचं उत्तर

खर्ड्यावर बोलायला ती आली तेव्हा मी तिला आवडीनिवडीबद्दल काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, ‘त्या मिरचीपाशी किती वेळ उभी होतीस?’

‘लगेच पुढं गेले की सर. पाटी वाचली, फोटो काढला.’

‘आणि जे कळलं नाही म्हणतेस, त्या चित्रापाशी?’

ते गायतोंड्यांचं एक उभं चित्र होतं. ती जरा अडखळली. म्हणाली, ‘तिथं काय बघायचं तेच कळंना, म्हणून नुसतीच उभी होते. पाय दुखायला लागले तसं बाजूला बसले. मग वर जाऊन आले. उतरताना जिन्यावरनं ते परत दिसलं, लांबनं. मघाशी जवळनं बघितलेलं ते हेच का, असं झालं. म्हणून पुन्हा जवळ गेले.’

‘मग जवळून काय दिसलं?’

‘जवळ गेलं की मधला उजेड जातोय सर. आणि मागं सरकलं की येतोय.’

मला वाटतं, या संपूर्ण अभ्यासातलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण हेच होतं. आणि ते अहवालात नव्हतं. का नव्हतं, हे तिने स्वतःच सांगितलं: ‘चित्र कळलं नाही तर त्यावर लिहायचं कसं?’ जिथे ती पाय दुखेपर्यंत थांबली, जिथे ती परत आली, जिथे तिच्या शरीराने पुढे-मागे होऊन चित्र तपासलं, ते सगळं तिने गाळलं आणि जिथे ती क्षणभर थांबली त्यावर दीड पान लिहिलं. मुलगी अप्रामाणिक नव्हती. आम्ही दिलेल्या मुद्द्यांच्या यादीत ‘अर्थ’ होता, ‘माहिती’ होती, ‘आवड’ होती. अंतर आणि वेळ यांना तिथे रकाना नव्हता.

दुसरा खर्डा

तिला सुचवलं ते इतकंच: प्रत्येक दालनातलं एकच काम निवड. ते पहिल्यांदा कुठून दिसलं, पाटी आधी वाचलीस की नंतर, कुठल्या अंतरावर ते बदललं, किती वेळ गेला आणि परत गेलीस का, एवढं आठवून लिही. आठवत नसेल तर पुन्हा जा.

मुंबईला ती खरंच पुन्हा गेली, या वेळी एकटी. गोव्याला दुसऱ्यांदा जाणं जमलं नाही, त्यामुळे तुलनेचं एक पारडं थोडं हलकं राहिलं. हे तिने अहवालात स्पष्ट नोंदवलं आहे आणि वाचणाऱ्यानेही ध्यानात ठेवावं.

दुसऱ्या भेटीत तिने मोबाइल पिशवीत ठेवला आणि पावलांनी अंतर मोजलं. गायतोंड्यांच्या चित्रासमोर एका हाताच्या अंतरावर तिला फक्त पृष्ठभाग दिसत होता: रोलरचे माग, खरवडल्याच्या कडा, खालच्या थरातून डोकावणारा दुसराच रंग. चार-पाच पावलं मागे गेल्यावर हे सगळं विरून एक धूसर प्रकाश तयार होत होता आणि त्यात तरंगणारे आकार. त्याहून मागे गेलं की चित्र भिंतीचा एक भाग होऊन जात होतं. तिने वहीत तीन छोटी रेखाटनं केली, तीन अंतरांची. कुठल्याही पुस्तकातून उतरवता येणार नाही असं हे टिपण होतं, आणि ते तिचं होतं.

मग तिने त्याच मापाने जहांगीरकडे बघितलं आणि एक वाक्य लिहिलं जे मी पुढे अनेकांना वाचून दाखवलं: ‘जहांगीरमध्ये मी चित्रापेक्षा चित्रकाराकडे जास्त वेळ बघितलं.’ यात तक्रार नव्हती. चित्रकाराने तिला कॅनव्हासवर अस्तर कसं दिलं, टेक्स्चरसाठी रंगात काय मिसळलं, कुठला रंग वाळल्यावर काळवंडतो, हे सांगितलं होतं. संग्रहालयात हे कोण सांगणार? तिथला चित्रकार हयात नाही आणि रक्षकाचं ते काम नाही. पण चित्रकार बोलत असताना ती त्याच्याशेजारी, म्हणजे चित्रापासून दोन-तीन फुटांवर उभी होती, आणि संपूर्ण वेळ तिथेच राहिली. मागे सरकून बघणं तिला उद्धटपणाचं वाटलं असतं. माणसाची सोबत मिळाली की अंतर हातातून जातं, हे तिचं निरीक्षण मला नवं होतं. मी स्वतः प्रदर्शनात चित्रांशेजारी उभा राहत आलोय. आता दालनाच्या दुसऱ्या टोकाला बसतो.

गोव्याविषयी मात्र पहिल्या खर्ड्यातलं कौतुक कमी करावं, असा माझा अजिबात आग्रह नव्हता. कथेच्या दाराने कलेत शिरता येतं, आणि ज्याच्या घरात कधीच कोणी चित्र बघायला गेलेलं नाही त्याच्यासाठी ते दार फार मोठं आहे. तिच्या मामाने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कलासंग्रहालयात पाऊल टाकलं आणि तासभर रमला. मुंबईच्या संग्रहालयात तो दहा मिनिटांत बाहेर आला असता. पण कथा आधी कळली की वस्तू बघणं राहून जातं, हेही खरं. याचा पडताळा तिला तिथल्याच दुसऱ्या एका कामाच्या आठवणीतून आला. केरकरांनी चिनी मातीच्या बशा समुद्रात ठेवून त्यांवर कालवं वाढू दिली आहेत. त्या बशा बघताना गर्दीमुळे तिला पाटीजवळ जाता आलं नव्हतं. म्हणून ती बशीच बघत राहिली: निळ्या नक्षीवर चढलेले खडबडीत शिंपले, नक्षी कुठे संपते आणि समुद्राने केलेलं काम कुठे सुरू होतं याचा शोध. पाटी तिने निघताना वाचली. दुसऱ्या खर्ड्यात मिरचीवर चार ओळी आणि या बशांवर अख्खं पान आहे. त्यामुळे दालन कथेचं आहे की मौनाचं, यापेक्षा पाटी आधी की वस्तू आधी, या क्रमाने जास्त फरक पडतो, असा कयास तिने मांडला. एका विद्यार्थिनीच्या अनुभवावरून नियम काढता येणार नाही, पण पुढच्या मुलांना तपासून बघण्यासारखा हा कयास नक्की आहे.

भाऊसिंगजी रोडवर

अभ्यासक्रमाला कोल्हापूरच्या भाऊसिंगजी रोडवरच्या टाउन हॉलची गरज नव्हती. आधुनिक कलेच्या दालनांत ते मोडत नाही. चार्ल्स मँट यांनी आखलेली, १८७२ ते १८७६ दरम्यान बांधलेली ती गॉथिक धाटणीची इमारत मुलांना ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तूंसाठी माहीत असते. तिथला समुद्रदेव पोसायडनचा छोटा कांस्य पुतळा शाळेच्या सहलीत सगळ्यांनी बघितलेला असतो. पण मुंबईहून आल्यावर ती आपणहून तिथे गेली, सीपीआर रुग्णालयासमोरच्या त्या बागेतून आत, अबालालची चित्रं बघायला. आधीही बघितलेलीच, पण या वेळी पावलं मोजत.

तिच्या नोंदीत पहिली गोष्ट अडचणीची आहे. जलरंगावर काच असते आणि काचेत खिडकी दिसते, आपला चेहरा दिसतो. उजेडही मंद. त्याला कारण आहे. जलरंग उजेडाने उडतात, म्हणून जगभरची संग्रहालयं कागदावरच्या कामांसाठी साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) उजेड ठेवतात, तर तैलचित्रांना १५० ते २०० लक्स चालतो. हे तिला सांगितल्यावर मुंबईतली तैलचित्रं आणि इथली जलरंग चित्रं यांच्या अनुभवात जागेचा भाग किती आणि मूळ माध्यमाचा किती, हे तिने वेगवेगळं मांडलं. अशी बारकाई मी पदवीच्या प्रबंधांतही क्वचितच बघतो.

दुसरी नोंद जास्त मोलाची. काचेतलं प्रतिबिंब चुकवायला तिला बाजूने, अगदी जवळ जावं लागलं. आणि तिथे झाड नव्हतं. तुटक ठिपके होते, शेजारी शेजारी टेकवलेले, एकमेकांत न मिसळलेले. दोन पावलं मागे आल्यावर झाड झालं, त्यावर संध्याकाळचा उजेड पडला. वर्षानुवर्षं ती जे ‘हुबेहूब’ म्हणून बघत होती ते एका विशिष्ट अंतरावरच हुबेहूब होतं. त्याच्या अलीकडे निव्वळ रंग होता.

अबालाल आणि गायतोंडे एकाच वाटेचे, असं तिने लिहिलं नाही आणि मीही लिहू देणार नाही. एकाला झाड हवं आहे, दुसऱ्याला कुठलीच वस्तू नको आहे. हा फरक फार मोठा आहे. पण दोघेही बघणाऱ्याच्या पावलांवर विसंबून आहेत, आणि ते एका कोल्हापूरच्या मुलीला मुंबईला जाऊन आल्यावर भाऊसिंगजी रोडवर दिसलं. बाहेरची आधुनिक दालनं आमच्या मुलांनी का बघायची, याचं याहून चांगलं कारण मला देता येत नाही.

आक्षेप

दुसरा खर्डा विभागात सगळ्यांना पटला नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा मुद्दा रास्त होता: या अहवालात गायतोंडे कोण हेच येत नाही. १९२४ मध्ये नागपुरात जन्म, जे. जे. मधलं शिक्षण, १९७२ नंतर दिल्ली, झेन या बौद्ध पंथाच्या विचाराची ओढ, २००१ मध्ये निधन, २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये सिंहावलोकनी प्रदर्शन. हे माहीत नसेल तर विद्यार्थिनी नुसतीच पुढे-मागे चालत राहील. इतिहास हवाच. माझं म्हणणं क्रमापुरतं होतं. आधी बघण्याच्या नोंदी, मग ग्रंथालय, मग त्या माहितीने आपल्या नोंदींत काय बदललं ते. तिने शेवटी एक वेगळं पान जोडलं. त्यात झेनविषयी वाचल्यावर ‘तिथं काय बघायचं तेच कळंना’ या आपल्याच वाक्याकडे ती परत वळली आहे, आणि तो भाग चांगला उतरला आहे.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मात्र अहवालाला बेताचेच गुण दिले. चित्रकारांची संख्या कमी, फोटो नाहीत, असा शेरा. ती नाराज झाली, मलाही वाईट वाटलं. गुणपत्रिकेवर तो शेरा तसाच आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला जास्त टोचतो. दोनदा मुंबई, एकदा गोवा, हे सगळ्यांना परवडत नाही. वर्गातली निम्मी मुलं सुट्टीच्या दिवशी काम करतात, कोणी फ्लेक्सच्या दुकानात, कोणी गणपतीच्या कारखान्यात. त्यांना ‘पुन्हा जाऊन बघ’ कसं सांगायचं? तिची भेट घडली ती मामा म्हापशाला असल्यामुळे आणि घरून पैसे मिळाल्यामुळे.

तिच्या कामात काय आलं

अंतिम वर्षाच्या कामासाठी तिने मिरचीच्या राशी घेतल्या. आधी नेहमीप्रमाणे क्वार्टर इम्पिरियलवर, म्हणजे मोठ्या चित्रकागदाच्या पाव भागावर, जलरंगात, मागे मार्केट यार्डाचे पत्रे आणि माणसं. मग फुल इम्पिरियल कागद एकमेकांना जोडून नुसती रास, काठाशिवाय. पहिले दोन प्रयत्न मला कमकुवत वाटले. लाल रंग सपाट झाला होता आणि आकाराने मोठं असण्याखेरीज त्यांच्यात काही नव्हतं. तिसऱ्यात तिने जलरंग सोडून तैलरंग घेतला, लालच्या खाली हिरवा आणि तपकिरी थर दिला आणि कोरडा झाल्यावर नाइफने खरवडला. हे चित्र तिने वर्गात लावलं नाही. मधल्या लांब व्हरांड्याच्या टोकाला लावलं, चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आत-बाहेर येईल अशा उंचीवर, बाजूच्या खिडकीला कागद चिकटवून, आणि नावाची पट्टी चित्राशेजारी न लावता परतीच्या बाजूच्या भिंतीवर. म्हणजे बघून मागे फिरल्यावरच पाटी वाचायला मिळेल.

मुलं लांबून येताना तिच्याकडे न बघता चित्राकडे बघत यायची, मधेच थांबायची, परत मागे जायची. शिपाईमामा म्हणाले, ‘हे लांबनं गरम वाटतंय.’ चित्र पूर्णत्वाला गेलं आहे असं मी म्हणणार नाही. वरच्या डाव्या भागात ते अजून अडखळतं. पण कुठे उभं राहून बघायचं याचा विचार त्यात रंगवण्याच्या आधीपासून होता.

पुढच्या तुकडीसाठी

अहवालाच्या नमुन्यात आता पहिलं पान कोरं असतं. त्यावर एकाच कामाची तीन अंतरांवरची तीन रेखाटनं करायची, त्याखाली वेळ आणि परत गेलात का, हे लिहायचं. माहिती दुसऱ्या पानापासून. दोन दालनांपैकी एक गावातलं चालतं, टाउन हॉल किंवा मांडरे संग्रहालय. मांडरे यांच्या पावडर शेडिंगच्या, म्हणजे कोरडी पूड घासून छटा दिलेल्या, कामांसमोर पावलं मोजली तर काय दिसतं, ते यंदा दोन मुलं करून बघताहेत. ज्यांना मुंबईला जाणं जमतं त्यांनी सगळा दिवस दालनं गोळा करण्यात घालवू नये. काळा घोड्याला उतरून सकाळी संग्रहालय, दुपारी जहांगीर आणि संध्याकाळी पुन्हा सकाळच्याच एका चित्रापाशी, एवढं पुरे होतं.

प्रवासखर्चाचा प्रश्न सुटलेला नाही. माजी विद्यार्थ्यांनी मिळून दरवर्षी काही मुलांचं रेल्वेचं तिकीट उचलावं, असं बोलणं चाललं आहे. त्याहून मोठी गरज आहे ती इथेच, शाहू स्मारकच्या दालनात, एखाद्या संग्रहातली चार-पाच मोठी आधुनिक चित्रं महिनाभर राहण्याची. एका संध्याकाळी बघून संपणारं प्रदर्शन या कामाचं नाही. विमा, वाहतूक आणि रात्रीची राखण यांचा हिशेब मांडायला आम्ही घेतला आहे. ज्यांना संग्रहालयांकडून चित्रं उसनी आणण्याचा अनुभव आहे त्यांनी तो हिशेब तपासून द्यावा.